जुनी गाडी मित्रांसोबत उभी करताना: पहिल्या पान्यापासून पहिल्या फेरीपर्यंत

जुनी गाडी खोलायला एक दिवस पुरतो. चार मित्र, पान्यांचे दोन संच आणि एक मोकळा रविवार एवढं जमलं की संध्याकाळपर्यंत बॉनेट, बंपर, सीटा, डॅशबोर्ड सगळं भिंतीला टेकून उभं असतं. त्या दिवशी सगळे खूश असतात. पुढच्या रविवारी येणाऱ्याला मात्र कुठून काय धरायचं तेच कळत नाही, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तो येत नाही. अशा सुट्या झालेल्या, धूळ खात पडलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत आणि त्यातली एक आमचीच होती. म्हणून या लेखात कौशल्यापेक्षा क्रमाबद्दल जास्त लिहितो आहे. कौशल्य हळूहळू येतं किंवा विकत घेता येतं.

खोलण्याआधी

गाडीचं काय करायचंय? मूळ रूपात आणायची, आहे तशी जपून चालती करायची, की आपल्या आवडीने बदलायची? तिन्हींचा खर्च वेगळा आणि लागणारे हातही वेगळे. 'व्हिंटेज' हा शब्द आपण कुठल्याही म्हाताऱ्या गाडीला लावतो. काटेकोर बोलणारे ब्रिटिश शौकीन तो १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांसाठीच राखून ठेवतात. जुन्या वाहनांच्या क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 'फिवा' ऐतिहासिक वाहनासाठी किमान ३० वर्षं वय मागतो आणि गाडी इतिहासाला धरून जपलेली असावी असंही म्हणतो. तुमचा ओढा तिकडे असेल तर 'थोडं आपल्या आवडीचं' करायला फार जागा नाही, हे आजच मान्य करा.

माझा एक हट्ट आहे. मूळ रंग, मूळ सीटा आणि मूळ इंजिन टिकलेली गाडी हाती लागली तर तिच्यावर प्रयोग करू नये. बदल करायचेच असतील तर आधीच कुणीतरी कापाकापी केलेली, इंजिन बदललेली गाडी शोधावी. तिला ग्राइंडर लावताना मन खात नाही.

तपासणीला टॉर्च, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि बोथट स्क्रूड्रायव्हर एवढं पुरतं. लोखंडी पत्र्यावर चुंबकाची पकड जिथे सुटते तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. दारांच्या खालच्या कडा, दाराखालचे सिल, चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा तळ, पायाखालची जमीन आणि पुढच्या काचेचे खालचे कोपरे स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. पाणी साचतं तिथेच पत्रा सडतो आणि या सगळ्या पाणी साचायच्या जागा आहेत. रंगावर फुगा दिसला तर आतला गंज त्याच्या तिप्पट जागेत आहे असं धरून चालावं. क्वचितच चूक होते.

चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी ताडून पाहा, त्यांचे फोटो काढा आणि त्या पाट्यांवर मास्किंग टेप लावून ठेवा. उत्साहाच्या भरात कुणी त्यांच्यावर वायर ब्रश फिरवला तर गाडीची ओळखच पुसली जाते. इंजिन, रंग किंवा बॉडी बदलली तर नोंद करावी लागते का, हेही नोंदणी कार्यालयात आताच विचारून घ्या.

माणसांची वाटणी

गाडी एकाची असावी आणि शेवटचा शब्दही त्याचाच असावा. चौघांच्या सामाईक गाडीत रंगावरून सुरू झालेला वाद महिनोन्‌महिने चालतो. पैसे कुणी किती घातले, कुठलं हत्यार कुणाचं, हे पहिल्या दिवसापासून एका वहीत लिहा. मित्रांमध्ये हिशेब कसला, असं म्हणणाऱ्याच्याच नावावर पुढे थकबाकी निघते.

कामं भागांप्रमाणे वाटा: एकाकडे ब्रेक आणि सस्पेन्शन, एकाकडे वायरिंग, एकाकडे इंजिन. ज्याला पाना धरता येत नाही त्याला फोटो, याद्या आणि सुट्या भागांचा शोध द्या. हे दुय्यम काम समजू नका, मागचा एक दिवा मिळवायला कधी कधी इंजिन बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. भिंतीवर एक फळा लावा आणि त्यावर 'एका बैठकीत संपणारी' कामं लिहा. 'वायरिंग करणे' असं लिहिलं तर त्याला कुणी हात लावत नाही. 'मागच्या डाव्या दिव्याचा होल्डर साफ करून अर्थची वायर तपासणे' असं लिहिलं तर दोन तासांसाठी आलेला मित्र ते संपवून, समोर टिक मारून घरी जातो, आणि पुन्हा येतो. एका वेळी एकच भाग खोला. तो परत बसेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. पत्र्याच्या कामासाठी गाडी पूर्ण मोकळी करावीच लागली, तरी चाकांवर ढकलता येईल अशी ठेवा.

आणि काम संपेपर्यंत दारू नाही. यात चर्चा नको.

खोलणं

प्रत्येक भागाचे तीन फोटो काढा: लांबून, हाताच्या अंतरावरून आणि अगदी जवळून. लांबच्या फोटोशिवाय जवळचा फोटो सहा महिन्यांनी निरुपयोगी ठरतो, कारण तो डावीकडचा की उजवीकडचा तेच समजत नाही. जो बोल्ट काढेल त्यानेच पिशवीवर लिहायचं, आणि चिठ्ठी पिशवीच्या आतही टाकायची. तेलकट हातांनी वरची अक्षरं पुसली जातात. शक्य तिथे बोल्ट परत त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा. वॉटर पंप किंवा टायमिंग कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर त्या भागाचा आकार काढून त्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवले की डोक्याला ताप नाही.

जुन्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचे) आटे भेटतात. त्यांच्या दातांचा कोन ५५ अंश, तर मेट्रिक आणि अमेरिकन आट्यांचा ६०. जवळचा म्हणून दुसरा नट लावला तर दोन फेरे सहज बसतो आणि मग आटे खातो. जवळपासचा मेट्रिक पाना लावला तर नटाचे कोपरे गोल होतात. गंजून बसलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल सोडून दोन-तीन दिवस थांबा आणि पहिला झटका सोडवण्याच्या नाही, आवळण्याच्या दिशेने हलकासा द्या. गंजाची पकड बऱ्याचदा तिथेच मोडते.

नवीन भाग बसून चालेपर्यंत जुना फेकायचा नाही. तुटका असला तरी तोच नमुना आहे.

गाडीखाली शिरताना जॅकवर भरवसा ठेवू नका. पक्क्या जमिनीवर, ठरलेल्या वजनाचे स्टँड लावा, गाडी हाताने जोरात हलवून पाहा, मगच आत जा. जुने ब्रेक शू साफ करताना हवा मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं, ती धूळ ओल्या फडक्यानेच पुसायची आणि फडकं पिशवीत बंद करून टाकायचं.

पत्रा

वेळ इथे जातो, आणि घाईही इथेच नडते. वेगळी चासी असलेल्या गाडीत बॉडी सडली तरी सांगाडा सरळ राहतो. मोनोकॉक गाडीत, म्हणजे वेगळी चासी नसून बॉडीच सांगाडा असते तिथे, मात्र दाराखालचे सिल हेच पाठीचा कणा असतात. ते कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी पाइप तात्पुरते वेल्ड करून घ्या. नाही तर गाडी मधून किंचित वाकते आणि ते कळतं दार लावताना. वरून उघडणाऱ्या गाडीत हा धोका सर्वांत जास्त, कारण तिथे छपराचा आधारच नसतो. एका वेळी एकच बाजू कापा, नवीन पत्रा टॅक करा (तात्पुरते दोन-चार टाके मारा), दार खऱ्या बिजागऱ्यांवर टांगा, फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का पाहा, आणि नंतरच पूर्ण वेल्डिंग. दार धरायला एक, फट बघायला एक आणि टॅक मारायला एक, असे तिघे इथे लागतातच.

पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केलं की तो उष्णतेने लाटेसारखा उठतो. एक छोटा टाका इथे, पुढचा हातभर लांब, पुन्हा मध्ये असं करत जा आणि प्रत्येक टाका थंड होऊ द्या. सडलेल्या पत्र्यावर नवा तुकडा डकवू नका. चमकता, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापा.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडा. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिच्यात वाफ असते. तिला घरी कधीही वेल्डिंग करायचं नाही, ते टाकीवाल्याचं काम. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतो. त्याने पुसलेल्या पत्र्यावर ज्योत किंवा आर्क लागली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. वेल्डिंगच्या आसपास तो डबा ठेवूच नका.

छोट्या गंजलेल्या लोखंडी भागांसाठी इलेक्ट्रोलिसिस (पाण्यातून वीज सोडून गंज काढणं) ही स्वस्त आणि भागाला न दुखावणारी पद्धत आहे. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. भाग निगेटिव्हला, पॉझिटिव्हला साध्या लोखंडाची पट्टी. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. ॲल्युमिनियम किंवा क्रोम चढवलेले भाग यात घालायचे नाहीत. हायड्रोजन निघतो, म्हणून टब उघड्यावर ठेवा आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढू नका. रात्रभरात गंजाचा काळा चिखल होऊन ब्रशने निघतो. भाग वाळवून लगेच प्रायमर मारा, तासाभरात पुन्हा तांबूस व्हायला लागतो.

इंजिन

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून स्टार्टर मारायचा मोह सगळ्यांना होतो. आवरा. इंजिन जाम असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये गंज सोडवणारं तेल सोडा, काही दिवस रोज थोडं घाला, मग लांब दांड्याच्या पान्याने क्रँकच्या बोल्टवर हळूहळू पुढे-मागे हलवा. झटके नकोत, एखादी अडकलेली रिंग किंवा वॉल्व्ह तुटतो.

फिरायला लागलं की कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब, गेज लावून तपासा. सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडं, प्रत्येक सिलेंडरचा आकडा लिहून घ्या. आकडा किती यापेक्षा आकडे एकमेकांच्या किती जवळ हे महत्त्वाचं. सर्वांत वरच्यापेक्षा १०-१५ टक्क्यांहून जास्त खाली असलेल्यावर संशय घ्या. त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर वॉल्व्ह बसत नाहीत, आणि शेजारचे दोन सिलेंडर एकत्र खाली असतील तर मधलं हेड गॅस्केट. इतक्या साध्या तपासणीने इंजिन उतरवायचं की नाही हे ठरतं. 'आलोच आहोत तर खोलूया' म्हणणाऱ्या मित्राला हे आकडे दाखवा.

पेट्रोलही बदललं आहे. जुन्या इंजिनांच्या वॉल्व्ह सीटना (वॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या कड्यांना) पूर्वी पेट्रोलमधल्या शिशाचा थर सांभाळत असे. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जेरिया, आणि २०२१ मध्ये तिथेही ते थांबलं. तेव्हा हेड उतरवलंच असेल तर कडक केलेल्या धातूच्या वॉल्व्ह सीटा बसवून घ्या. हेड उतरवायचं नसेल तर लगेच काही होत नाही; वॉल्व्हचा गॅप नियमित तपासत राहा, सीट झिजली की तो कमी होतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुने रबरी पाइप मऊ करतं आणि लाखेचा लेप दिलेले कॉर्कचे फ्लोट खराब करतं. पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे टाका.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवा आणि ऑइलचं प्रेशर येऊ द्या. पेट्रोल स्वच्छ छोट्या कॅनमधून द्या, जुन्या टाकीतून नको. एक जण चावीवर, एक जण गळतीवर लक्ष ठेवून आणि एक जण अग्निशामक हातात धरून. तिसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ काढायचा नाही. कार्बोरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतायचं तर अजिबातच नाही, एक बॅकफायर पुरते.

ब्रेक

गाडी पळण्याआधी थांबली पाहिजे, म्हणून हे काम रंगाच्या खूप आधी. रबरी होज दिसायला कितीही चांगले असले तरी बदला. आतून फुगलेला होज पेडल दाबल्यावर ऑइल जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही, आणि चाक अडकून राहतं. लोखंडी ब्रेक पाइप गंजलेले असतील तर तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे टाका. ते हाताने वळतात, गंजत नाहीत.

ब्रेक ऑइलचे आकडे फसवे आहेत. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलचे, डॉट ५ सिलिकॉनचं, आणि ते बाकीच्यांत मिसळायचं नाही. बऱ्याच जुन्या सिट्रोएनच्या हायड्रॉलिक यंत्रणेत हिरवं खनिज तेल असतं, तिथे साधं ब्रेक ऑइल गेलं तर सगळी रबरी सीलं जातात. हवा काढायला दोन माणसं हवीत आणि दोघांची एकच भाषा. पेडलवरचा 'दाबलं' म्हणाला की खालच्याने चाकाजवळचं निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडायचं, बंद केल्यावर 'सोड' म्हणायचं. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. टाकीतलं ऑइल संपू देऊ नका, नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

वायरिंग

आधी दोन गोष्टी तपासा: बॅटरी ६ व्होल्टची की १२ ची, आणि अर्थ (बॅटरीचं गाडीच्या बॉडीला जोडलेलं टोक) पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ सर्रास असे. त्यावर आजचा रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन तसंच जोडलं तर क्षणात जळतं. ६० वॅटच्या दिव्याला ६ व्होल्टवर १० अँपियर लागतात, १२ वर पाचच. म्हणून ६ व्होल्टच्या वायरी जाड असतात आणि १२ वर नेताना बहुधा चालून जातात. बल्ब, कॉइल, डायनॅमो आणि मीटर मात्र बघावेच लागतात.

जुना हारनेस (वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा) ओढून काढू नका. प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावून, फोटो काढून, अखंड बाहेर घ्या आणि फळीवर पसरून त्याच्यावरच नवा बांधा. मुळात फ्यूज दोन-तीनच असतात. बॅटरीजवळ एक मुख्य फ्यूज आणि हेडलाइटना रिले हे बदल मी मूळ रूपाच्या गाडीतही करतो. आग लागली तर मूळ रूप राहत नाही. दिवे मिणमिणत असतील तर बहुधा अर्थ खराब असतो: रंग खरवडून स्वच्छ धातूवर जोडा.

आपल्या आवडीचे बदल

एक कसोटी लावा: हा बदल दोन दिवसांत उलटा करता येईल का? बोल्टने बसणारं सगळं चालेल, कापावं लागणाऱ्यावर आठवडाभर विचार करा. काढलेले मूळ भाग तेल लावून, गुंडाळून ठेवा.

डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, इग्निशनच्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, सीटबेल्ट, पुढे डिस्क ब्रेक हे बदल रोजच्या वापरात खरोखर उपयोगी पडतात. पण एक बदल दुसऱ्याला ओढून आणतो. डिस्क लावले की मास्टर सिलेंडर जुळावा लागतो, चाकाच्या आत कॅलिपर मावावा लागतो आणि पुढच्या-मागच्या चाकांचा तोल पुन्हा बघावा लागतो. मोठं इंजिन बसवलं की रेडिएटर, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि ब्रेक सगळेच हात पसरतात. सीटबेल्टचे बोल्ट नुसत्या पातळ पत्र्यात नकोत, मागे जाड पट्टी वेल्ड करून घ्या. रुंद चाकं घेण्याआधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून आणि सस्पेन्शन दाबून टायर कुठे घासतं ते पाहा.

रंग आणि आतली सजावट

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर लागेल तिथेच पुट्टी, मग जाड प्रायमर. त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून लाकडी ठोकळ्यावर वॉटर पेपर गुंडाळून घासा: काळं उरतं तिथे खड्डा, पत्रा दिसतो तिथे उंचवटा. ३२० नंबरच्या पेपरने सुरुवात, ६०० पर्यंत. सगळे मित्र एकाच वेळी कामाला लागतील असं हे एकमेव काम आहे, पण एका पॅनेलवर शेवटपर्यंत एकच हात ठेवा, प्रत्येकाचा दाब वेगळा असतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका.

दोन घटकांच्या रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासातून अपाय करणारं रसायन असतं. साधा मास्क पुरत नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा लागतो. तो नसेल तर शेवटचा रंग पेंटरकडून मारून घ्या. घासण्याचं काम घरी केल्याने मोठा खर्च वाचलेलाच असतो. ज्या जागेत रंग होणार तिथे सिलिकॉनचं पॉलिश उघडू नका, रंगावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

सीटांची जुनी कव्हरं उसवून जपा, नवीन शिवणाऱ्याला तोच साचा लागतो.

पहिली फेरी

टायरच्या बाजूवरचा आकडा वाचा. चार अंकी असेल तर आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० सालाआधीचं आहे, नक्षी कितीही शाबूत असली तरी त्यावर रस्त्यावर जायचं नाही.

पहिली फेरी मोकळ्या जागेत आणि चालण्याच्या वेगाने, फक्त ब्रेकसाठी. मग रस्त्यावर पाच किलोमीटर, परत, बॉनेट उघडून गळती पाहा, प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहा. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून ठेवतोय. ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि सस्पेन्शनचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. इंजिन नव्याने बांधलं असेल तर तेल लवकर बदला आणि जुनं तेल पांढऱ्या भांड्यात ओतून त्यात धातूची चमक आहे का बघा.

या फेरीत मागून दुसरी गाडी हवीच, आणि तिच्यात सर्वांत चौकस मित्र बसवा. निळा धूर, डुगडुगणारं चाक, रस्त्यावर पडणारा थेंब आणि न पेटणारा ब्रेक लाइट हे चालवणाऱ्याला दिसत नाही, मागच्याला दिसतं. त्याच्या डिकीत दोर, अग्निशामक, पाण्याचा कॅन आणि फळ्यावरच्या यादीची एक प्रत ठेवा. परत येईपर्यंत तिच्यात नवीन पाच-सहा ओळी भरलेल्या असतील.